गिळलेला जंतू आणि लपवलेला खोकला



गेल्या वेळी आपण मधुमेहाबद्दल बोललो होतो. त्यावर एका भगिनीने विचारलं, "साखर वाढलेली असली की साधी जखमसुद्धा लवकर का भरत नाही? ती का चिघळते?" प्रश्न चांगला आहे. उत्तर लिहायला बसलो आणि आमच्याच घरातली एक गोष्ट डोळ्यांसमोर आली. ती लिहावी की नाही, यावर दोन दिवस विचार केला. शेवटी चाचींनाच विचारलं. त्या म्हणाल्या, "लिहा. माझं नाव घालू नका, पण लिहा. माझ्यासारखं कुणी करू नये." म्हणून हे लिहितो आहोत.

आम्ही नगरचे. सरकारी कागदावर आता अहिल्यानगर झालं, पण तोंडात नगरच बसलेलं आहे. चाचींचं घर आमच्यापासून दोन गल्ल्या सोडून. वय सेहेचाळीस, सहा वर्षांपासून मधुमेह. मागच्या थंडीत त्यांना खोकला लागला. आधी आलं-मध झालं, मग जोशांदा झाला, मग मेडिकलमधून आणलेली खोकल्याची बाटली झाली. खोकला हटेना. संध्याकाळी अंग कसकसायचं, रात्री घामाने उशी भिजायची, वजन उतरत चाललं होतं. कुणी विचारलं तर म्हणायच्या, "काही नाही, धुळीची ॲलर्जी आहे."

कारण सांगायला नको. धाकट्या मुलीची बात चालू होती. चाचांनी घरात सगळ्यांना बजावलं होतं, "रिश्ता पक्का होईपर्यंत दवाखान्याचं नाव बाहेर काढायचं नाही."

अडीच महिन्यांनी थुंकीची तपासणी झाली. टीबी निघाला. औषध सुरू झालं आणि महिन्याभरात फरक दिसू लागला. दुसऱ्या महिन्याच्या शेवटी खोकला जवळजवळ गेला, वजन तीन किलो वाढलं, चेहऱ्यावर पाणी आलं. तेवढ्यात मुलाकडची मंडळी घर बघायला येणार म्हणून औषधाची पाकिटं कपाटातून काढून कुठेतरी आत दडवली गेली. ती पुन्हा बाहेर आलीच नाहीत. "बरी झाले ना मी, आता कशाला उगाच गरम औषधं?" असं चाचींनी स्वतःच ठरवलं.

दोन-अडीच महिने बरे गेले. मग एका पहाटे फजरच्या नमाजसाठी वुजू करताना खोकल्याबरोबर रक्त आलं.

त्या दिवशी आम्ही त्यांच्याबरोबर दवाखान्यात होतो. आम्ही डॉक्टरांना विचारलं, "डॉक्टरसाहेब, खोकला गेला होता, ताप गेला होता, वजन वाढलं होतं. मग हा जंतू इतके दिवस लपला कुठे होता?" डॉक्टर म्हणाले, "ज्या पेशीने त्याला गिळलं होतं, तिच्याच पोटात."

हे वाक्य आमच्या डोक्यातून गेलं नाही. या महिन्याचं सदर त्याच एका वाक्याबद्दल आहे.

पेशी गिळते म्हणजे काय करते?

शाळेत आपण अमीबा शिकलो आहोत. डबक्यातला एकपेशीय जीव. त्याला ना हात ना पाय, ना तोंड. भूक लागली की तो स्वतःच्याच अंगाचा एक भाग पुढे काढतो. त्याला पुस्तकात छद्मपाद म्हणतात. दोन-तीन बाजूंनी असे छद्मपाद पुढे सरकतात, अन्नाच्या कणाला वेढतात, आणि तो कण अमीबाच्या आत जातो.

आपल्या रक्तात आणि मांसात अशाच चालणाऱ्या, आकार बदलणाऱ्या पेशी आहेत. पांढऱ्या रक्तपेशींपैकी न्यूट्रोफिल नावाच्या पेशी सर्वांत जास्त असतात. रक्ताच्या तपासणीच्या कागदावर हे नाव आपण पाहिलेलं असतं. निरोगी माणसाच्या हाडातल्या मगजात त्या रोज हजारो कोटींच्या संख्येने तयार होतात. त्यांचं आयुष्य थोडं, साधारण दिवसभराचं. जखम झाली की पहिल्यांदा त्याच धावत येतात. दुसऱ्या असतात मॅक्रोफेज, म्हणजे मोठ्या भक्षक पेशी. त्या फुप्फुसात, यकृतात, प्लीहेत, कातडीखाली ठाण मांडून बसतात आणि जास्त काळ जगतात.

गिळण्याची क्रिया समजायला स्वयंपाकघरातलंच उदाहरण घेऊ. पराठ्यात खिमा भरायचा असतो तेव्हा आपण कणकेच्या गोळ्याची वाटी करतो. आत सारण ठेवतो. मग वाटीच्या कडा चारी बाजूंनी वर ओढत ओढत सारणावर आणतो आणि वर तोंड चिमटून बंद करतो. सारण आत जातं, बाहेरून पुन्हा गोल गोळाच दिसतो. पेशी जवळजवळ हेच करते. फरक एवढाच की तिथे बाहेरून कुणाची बोटं नसतात. ओढण्याचं काम कणीक स्वतःच करते.

हे बळ येतं कुठून? पेशीच्या पातळ आवरणाच्या खाली ॲक्टिन नावाच्या प्रथिनाचे बारीक धागे असतात. पेशीच्या आवरणावर काही पकडी असतात. त्या पकडींत जंतू अडकला की नेमक्या त्याच जागी आतून निरोप जातो आणि ॲक्टिनचे सुटे कण एकमेकांना जोडले जाऊन धागे वाढू लागतात. वाढणारे धागे आवरणाला बाहेर ढकलतात. आवरण जंतूच्या अंगावरून सरकतं, पुढची पकड लागते, पुन्हा धागे वाढतात, आवरण आणखी पुढे जातं. शेवटी दोन्ही बाजूंच्या कडा एकमेकींना भेटतात आणि आतला भाग थैलीसारखा सुटून पेशीच्या पोटात जातो. मागचे धागे मोडतात, त्यांचे कण पुढच्या वेळी पुन्हा वापरायला मोकळे होतात. हे सगळं काही मिनिटांत.

मग खरं काम सुरू होतं. पेशीत लयकारिका नावाच्या पिशव्या असतात. त्यांत आम्ल आणि पचवणारे रस असतात. त्या येऊन जंतूच्या थैलीला मिळतात. न्यूट्रोफिल तर जंतूवर एक असं रसायन सोडते जे आपण पाणी शुद्ध करायला वापरतो त्या क्लोरीनच्या द्रवाच्याच घराण्यातलं आहे. बहुतेक जंतू इथे संपतात. जखमेतून येणारा पांढरा-पिवळा पू म्हणजे बहुतांशी या लढाईत मेलेल्या न्यूट्रोफिल पेशीच.

आता त्या भगिनीच्या प्रश्नाचं उत्तर. रक्तात साखर सतत चढी असेल तर या पेशी जखमेकडे नीट धावत नाहीत, त्यांची पकड ढिली पडते आणि मारण्याची ताकदही कमी होते. भरीला मधुमेहात पायाचा रक्तपुरवठा आणि संवेदनाही कमी झालेली असते. म्हणून जखम चिघळते. आणि म्हणूनच मधुमेह असलेल्या माणसाला टीबी होण्याचा धोका इतरांपेक्षा दोन ते तीन पट असतो.

फक्त जंतूच नाही

गिळण्याची ही ताकद अल्लाहने केवळ लढाईसाठी दिलेली नाही. आपली लाल रक्तपेशी सुमारे १२० दिवस जगते. मग ती म्हातारी होते. प्लीहेतल्या आणि यकृतातल्या मॅक्रोफेज तिला ओळखून गिळतात, फोडतात आणि तिच्यातलं लोह काढून परत शरीराला देतात. रोज जेवणातून आपल्याला जेमतेम एक-दोन मिलिग्रॅम लोह मिळतं, आणि नवं रक्त बनवायला लागतं त्याच्या दहापट नि जास्त. ती तूट या जुन्या मालातूनच भरून निघते. रक्तात फिरणारं लोह आणि कोलेस्टेरॉलसुद्धा पेशी अशाच आत घेतात. फक्त तिथे मोठे छद्मपाद न काढता आवरणाला लहान लहान खळगे पाडून आत ओढून घेतात.

आईच्या पोटातल्या बाळाचंही तसंच. आईच्या रक्तातली जंतूंना ओळखणारी प्रथिनं वारेच्या पेशी लहान थैल्यांत घेतात आणि पलीकडे बाळाच्या रक्तात सोडतात. पहिले काही महिने बाळ त्याच शिदोरीवर अनेक आजारांपासून वाचतं. ही प्रथिनं जंतूला चिकटली की तो भक्षक पेशींच्या पकडीत लवकर येतो. लस दिल्यावर शरीर हीच प्रथिनं स्वतः तयार करायला शिकतं.

गुलाबाचा काटा

हे पहिल्यांदा कळलं ते १८८२ साली. एली मेचनिकॉफ नावाचे रशियन शास्त्रज्ञ तेव्हा सिसिली बेटावरच्या मेसिना शहरात राहत होते. एके दिवशी घरची मंडळी सर्कस बघायला गेली होती. हे एकटेच सूक्ष्मदर्शकाखाली तारामाशाची पिल्लं बघत बसले. ती पिल्लं काचेसारखी पारदर्शक असतात, त्यामुळे आत हलणाऱ्या पेशी दिसत होत्या. त्यांच्या मनात आलं, या पेशी बाहेरून आलेल्या शत्रूला तर घेरत नसतील? त्यांनी बागेतून गुलाबाचे काटे आणले आणि पिल्लांच्या कातडीखाली टोचले. रात्रभर झोप नाही. सकाळी बघतात तर काट्याभोवती त्या पेशींचा गराडा पडलेला.

त्या काळचे बरेच डॉक्टर उलट समजत. पांढऱ्या पेशीत जंतू दिसले की ते म्हणत, या पेशीच जंतूंना पाठीवर घेऊन शरीरभर पसरवतात. मेचनिकॉफ म्हणाले, नाही, त्या त्यांना खातात. वाद पंचवीस वर्षं चालला. १९०८ साली त्यांना पॉल एर्लिख यांच्याबरोबर नोबेल पारितोषिक मिळालं.

मेचनिकॉफ यांचे एक शिष्य आपल्या महाराष्ट्राला चांगले ठाऊक आहेत. त्यांचं नाव वाल्डेमार हाफकिन. मुंबईत प्लेग आला तेव्हा १८९६ च्या ऑक्टोबरात ते तिथे पोहोचले, काही महिन्यांत लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी पहिली सुई स्वतःलाच टोचून घेतली. लोक घाबरत होते, अफवा उठत होत्या. त्या वेळी खोजा इस्माइली जमातीचे तरुण प्रमुख तिसरे आगाखान यांनी सगळ्यांसमोर लस टोचून घेतली आणि प्रयोगशाळेसाठी आपली खुश्रू लॉज ही इमारत दिली. त्यांच्या जमातीतल्या हजारो लोकांनी लस घेतली. परळची ती प्रयोगशाळा आज हाफकिन संस्था म्हणून ओळखली जाते. एका माणसाने उघडपणे दंड पुढे केला की बाकीच्यांची भीती कशी कमी होते, याचं याहून चांगलं उदाहरण आम्हाला माहीत नाही.

न मरणारा पाहुणा

आता पुन्हा चाचींकडे येऊ.

मेचनिकॉफ यांनी काटा टोचला त्याच वर्षी, २४ मार्च १८८२ रोजी, रॉबर्ट कॉख यांनी बर्लिनमध्ये टीबीचा जंतू सापडल्याचं जाहीर केलं होतं. हा जंतू इतरांसारखा नाही. त्याच्या अंगावर मेणासारखं जाड कवच आहे. टीबी झालेला माणूस खोकतो तेव्हा हवेत बारीक थेंब उडतात. त्यातले काही दुसऱ्याच्या श्वासातून थेट फुप्फुसाच्या तळाशी, हवेच्या इवल्या फुग्यांपर्यंत पोहोचतात. तिथे मॅक्रोफेज पहाऱ्यावर असतात. त्या आपलं काम चोख करतात. धागे वाढवतात, आवरण पुढे सरकवतात, जंतूला वेढून गिळतात.

आणि इथेच तो डाव टाकतो. लयकारिका येऊन त्याच्या थैलीला मिळायच्या असतात, त्या मिळूच देत नाही. थैलीत आम्ल पुरेसं चढू देत नाही. ज्या पोटात मरायचं, त्याच पोटात तो घर करतो, हळूहळू वाढतो. मग शरीर आणखी पेशी पाठवतं, त्या चारी बाजूंनी गोळा होतात आणि जंतूभोवती एक गाठ बांधतात. बहुतेकांच्या शरीरात तो या गाठीत वर्षानुवर्षं कोंडलेला राहतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने जगातल्या साधारण चौथ्या हिश्श्याच्या लोकांना हा जंतू शिवून गेलेला आहे. त्यांतल्या शंभरापैकी पाच ते दहा जणांनाच आयुष्यात कधीतरी आजार होतो. मधुमेह, कुपोषण, एचआयव्ही, तंबाखू यांनी शरीर खचलं की गाठ फुटते आणि जंतू बाहेर पडतो.

म्हणजे त्या जुन्या डॉक्टरांची भीती अगदीच खोटी नव्हती. टीबीच्या बाबतीत तीच पेशी शिपाईही असते आणि कधी कधी जंतूची पालखीही.

कुष्ठरोगाचा जंतू याच घराण्यातला. तोही मॅक्रोफेजच्या पोटात आणि मज्जातंतूंच्या पेशींत राहतो. या दोन्ही आजारांचे उपचार महिनोनमहिने का चालतात, हे आता लक्षात येईल. टीबीच्या साध्या उपचारात पहिले दोन महिने चार औषधं आणि पुढचे चार महिने तीन औषधं असतात. पहिल्या दोन महिन्यांत मोकळे फिरणारे आणि भराभर वाढणारे जंतू मरतात. खोकला थांबतो, ताप जातो, भूक लागते. पण काही जंतू पेशींच्या पोटात आणि गाठींच्या आत सुस्त पडलेले असतात. जो जंतू वाढतच नाही, त्याला औषधाने मारायला वेळ लागतो. पुढचे चार महिने या झोपलेल्यांसाठी असतात. मधेच औषध सोडलं की ते उठतात. अर्धवट औषधाला तोंड देऊन टिकलेले जंतू तर त्या औषधाला दादही देईनासे होतात, आणि तो टीबी बरा करणं फार कठीण होऊन बसतं.

चाचींना हे कुणी सांगितलं नव्हतं असं नाही. कार्डावर लिहिलेलं होतं. पण "सहा महिने घ्या" आणि "जंतू तुमच्याच पेशीत झोपलेला आहे, म्हणून सहा महिने घ्या" यात फरक आहे. कारण समजलं की माणूस थांबत नाही.

जामखेडची वाट

आपल्याच जिल्ह्यात, दक्षिणेच्या टोकाला, जामखेड आहे. दुष्काळी मुलूख, ऊसतोडीला जाणारी माणसं. १९७० साली डॉ. रजनीकांत आरोळे आणि डॉ. मॅबेल आरोळे हे दांपत्य तिथे आलं आणि त्यांनी समग्र ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. त्यांनी ओळखलं की दवाखाना बांधून भागणार नाही, कारण आजारी माणूस लाजेने आणि भीतीने दवाखान्यात येतच नाही. म्हणून त्यांनी प्रत्येक गावाला आपल्यातलीच एक बाई निवडायला सांगितलं. त्यातल्या कितीतरी निरक्षर होत्या, कितीतरी दलित समाजातल्या होत्या. त्या जामखेडला येऊन शिकायच्या आणि गावात परत जाऊन सांगायच्या. कुणाचा खोकला थांबत नाही, कुणाच्या अंगावर सुन्न चट्टा आहे, कुणाचं बाळ सुकत चाललं आहे, हे त्यांना घराघरात कळायचं, कारण त्या त्याच गावच्या होत्या. कुष्ठरोग्यांना वेगळं न काढता बाकीच्या आजाऱ्यांबरोबरच तपासलं जायचं. १९७९ साली दोघांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. मॅबेलताई १९९९ मध्ये गेल्या, रजनीकांत २०११ मध्ये. त्यांची पद्धत शिकायला जगभरातून लोक जामखेडला आले.

आम्हाला त्यातली मोठी गोष्ट वाटते ती ही, की औषध दवाखान्यात असतं पण आजार घरात लपवला जातो. लपवलेला आजार शोधायला शेजारीण लागते. आज गावागावात आशाताई आहेत, त्या हेच काम करतात. त्या दारात आल्या तर "आमच्याकडे कुणी आजारी नाही" म्हणून दार लावू नका.

मग घरात करायचं काय?

दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला असेल, संध्याकाळी ताप येत असेल, वजन घटत असेल, थुंकीत रक्त दिसत असेल तर थुंकी तपासून घ्या. मानेत गाठ येणं हेही टीबीचं लक्षण असू शकतं. सरकारी दवाखान्यात तपासणी आणि औषध दोन्ही मोफत. आता गोव्याच्या मोलबायो कंपनीने बनवलेलं ट्रूनॅट नावाचं यंत्र बऱ्याच ठिकाणी आहे. ते काही तासांत जंतू आहे की नाही हे सांगतं आणि मुख्य औषध लागू पडेल की नाही हेही. उपचार चालू असताना रुग्णाच्या खात्यात सकस आहारासाठी महिन्याला १००० रुपये जमा होतात. आधी ही रक्कम ५०० होती, २०२४ च्या नोव्हेंबरपासून वाढली.

आहार ही वरवरची गोष्ट नाही. झारखंडमध्ये टीबीच्या रुग्णांच्या घरच्या लोकांना सहा ते बारा महिने जादा धान्य-डाळ देऊन पाहिलं. २०२३ साली निष्कर्ष आला. ज्या घरांत हे धान्य गेलं, तिथल्या लोकांत नव्याने टीबी होण्याचं प्रमाण ३९ टक्क्यांनी कमी झालं. उपाशी शरीरातली भक्षक पेशीही उपाशीच असते. रुग्णाला अंडी, डाळ, दूध, मांस जे परवडेल ते द्या, आणि घरातल्या सुनेच्या आणि मुलींच्या ताटातही तेच पडतंय ना, हे बघा. आपल्याकडे शेवटी जेवणाऱ्या बाईच्या वाट्याला काय उरतं, हे आपण सगळेच जाणतो.

ताट-वाटी वेगळी काढायची गरज नाही. टीबी भांड्यातून पसरत नाही, हवेतून पसरतो. खिडक्या उघड्या ठेवा, रुग्णाने खोकताना तोंडावर रुमाल किंवा ओढणी धरावी, सुरुवातीचे काही आठवडे मास्क लावावा. औषध लागू पडलं की साधारण दोन-तीन आठवड्यांत दुसऱ्याला लागण होण्याची भीती खूप कमी होते. १९५९ साली मद्रासच्या टीबी उपचार केंद्राने दाखवून दिलं की घरी राहून नियमित औषध घेणारे रुग्ण सॅनिटोरियममध्ये ठेवलेल्या रुग्णांइतकेच बरे होतात, आणि त्यांच्या घरच्यांना त्यामुळे जास्त धोका होत नाही. मात्र घरातल्या सगळ्यांची, विशेषतः लहान मुलांची तपासणी करून घ्या. त्यांना आजार होऊ नये म्हणूनही औषध मिळतं. बाळाला जन्मतः देतात ती बीसीजीची लस मुलांना मेंदूच्या टीबीसारख्या गंभीर प्रकारांपासून वाचवते. मोठ्यांच्या फुप्फुसाच्या टीबीची हमी ती देत नाही. म्हणून "दंडावर लसीची खूण आहे, मला काय होतंय" असं समजू नका.

रमजानमध्ये औषध बंद करायचं नाही. रोजे ठेवायचे असतील तर आधी डॉक्टरांना विचारा. बऱ्याच जणांना गोळ्यांची वेळ सहरीला किंवा इफ्तारला घेता येते. अशक्तपणा असेल, मधुमेहही असेल, तर आजाऱ्याला दिलेली सवलत आहेच, रोजे मागाहून पूर्ण करता येतात. आणि एक छोटी गोष्ट: या औषधाने लघवीचा रंग नारिंगी होतो. कितीतरी जण त्यालाच घाबरून गोळ्या सोडतात. घाबरू नका, तो औषधाचा रंग आहे. मात्र डोळे पिवळे झाले, उलट्या थांबत नसल्या किंवा नजर धूसर झाली तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा.

चाचींचं पुढे काय झालं

तपासणीत औषध अजून लागू पडतंय असं निघालं. अल्हम्दुलिल्लाह, तेवढ्यावर निभावलं. औषध पहिल्यापासून सुरू झालं. साखरेवरही या वेळी नीट लक्ष आहे. घरातल्या सगळ्यांची तपासणी झाली. सहा वर्षांच्या नातवाला आजार होऊ नये म्हणून औषध द्यावं लागलं. ते कळलं तेव्हा चाचा पहिल्यांदा रडले. "मी लपवलं ते मुलीसाठी, आणि पोचलं नातवापर्यंत," एवढंच म्हणाले.

मुलाकडच्यांना चाचींनी स्वतः सांगितलं. त्यांनी दोन दिवस मागून घेतले आणि मग निरोप पाठवला की जमणार नाही. चाची खचल्या. आपल्या खोकल्यामुळे मुलीचं ठरलेलं मोडलं असं त्यांना वाटत राहिलं. मुलगीच एका रात्री त्यांच्या शेजारी बसली आणि म्हणाली, "अम्मी, उद्या त्या घरात मी आजारी पडले असते तर त्यांनी मलाही असंच परत पाठवलं असतं. बरं झालं, आधी कळलं."

आता औषधाची पाकिटं कपाटात नसतात. बैठकीच्या खोलीत घड्याळाखालच्या फळीवर असतात, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसतील अशी. गेल्या आठवड्यात शेजारच्या एक भाभी आल्या. पाकिटाकडे बघून थोडा वेळ गप्प बसल्या. मग हळूच म्हणाल्या, "आमच्या ह्यांनाही महिनाभर खोकला आहे. कुठे जायचं असतं हो?"

चाचींनी त्यांना पत्ता सांगितला नाही. ओढणी घेतली आणि त्यांच्याबरोबर निघाल्या.

चाचींच्या औषधाचे पाच आठवडे राहिलेत. दुआ करा.